आफ्रिकाना स्टडीजची पदवी: कोर्सच्या यादीपासून प्रबंधापर्यंत

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी मला प्रसादाच्या रांगेत बाजूला घेतं. "मुलगी म्हणते आफ्रिकाना करणार. हे असतं तरी काय, आणि त्याचं पुढे होतं काय?" मी हीच पदवी घेतली आहे आणि आता एका काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, अभिलेखागारात नोकरी करते, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. रांगेत उभ्या उभ्या त्याचं धड उत्तर देता येत नाही, मागची मंडळी शिऱ्यासाठी खोळंबलेली असतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. लेख अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीबद्दल आहे, कारण या विषयाचं घर तिथेच आहे. भारतातून येणाऱ्यांसाठी व्हिसाचं तेवढं मध्ये सांगितलं आहे.

पायरी १: पाटीवरचं नाव वाचा

ब्लॅक स्टडीज, आफ्रिकन अमेरिकन स्टडीज, आफ्रिकन स्टडीज, आफ्रिकाना स्टडीज. पालकांना वाटतं दुकान एकच, पाट्या चार. पण दुकानं खरंच वेगळी आहेत.

आफ्रिकन स्टडीज म्हणजे आफ्रिका खंडाचा अभ्यास. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यानंतर त्याला सरकारी पैसा मिळू लागला. शीतयुद्धाचे दिवस होते आणि दूरदूरच्या भाषा जाणणारी माणसं अमेरिकेला हवी होती. ब्लॅक स्टडीज मात्र विद्यार्थ्यांनी भांडून मिळवलं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात नोव्हेंबर १९६८ मध्ये सुरू झालेला संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून देशातलं पहिलं ब्लॅक स्टडीज डिपार्टमेंट उभं राहिलं. एप्रिल १९६९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तिथली विलार्ड स्ट्रेट हॉल ही इमारत ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी तिथे आफ्रिकाना केंद्र सुरू झालं. 'आफ्रिकाना स्टडीज' हे नाव रूढ करण्याचं श्रेय त्या केंद्राचे पहिले संचालक जेम्स टर्नर यांना देतात. खंडावर राहिलेले आणि खंडाबाहेर नेले गेलेले, दोघांना एकाच चौकटीत पाहायचं, असा त्या नावाचा अर्थ.

ही चौकट का लागते ते आकड्यांवरून कळतं. अटलांटिकच्या गुलामव्यापारात सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे उतरली. मधले अठरा लाख वाटेतच गेले. उतरलेल्यांपैकी आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आले ते चार लाखांहून थोडे कमी, तर एकट्या ब्राझीलमध्ये जवळपास ४८ लाख. म्हणजे जो कोर्स फक्त अमेरिकेपुरतं शिकवतो तो शंभरातल्या चारांचीही गोष्ट सांगत नाही. तुम्हाला नेमकी तीच गोष्ट खोलात जाऊन हवी असेल, तर आफ्रिकन अमेरिकन स्टडीज घ्या, त्यात काही कमीपणा नाही. मात्र प्रवेश घेताना हे ठाऊक असू द्या.

पायरी २: कॅटलॉग मिटा, वेळापत्रक उघडा

इथे मी स्वतः आपटले, म्हणून जरा थांबून सांगते.

माझ्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये स्वाहिलीचे तीन वर्षांचे कोर्स छापलेले होते. मी त्यावर भाळून गेले. दुसरं वर्ष संपताना कळलं की शिकवणाऱ्या बाईंचा करार तेवढाच होता आणि तिसऱ्या वर्षाचा कोर्स गेली कित्येक वर्षं प्रत्यक्षात लागलेलाच नव्हता. मग दुसऱ्या विद्यापीठाच्या वर्गात व्हिडिओवरून, सकाळी सातला, एकटीने बसून तो पुरा केला. कॅटलॉग हे उपाहारगृहाच्या भिंतीवरच्या फळ्यासारखं असतं: लिहिलेलं बरंच, आज मिळणारं त्यातलं थोडं.

म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मागच्या चार सेमिस्टरचं प्रत्यक्ष वेळापत्रक शोधा. ते बहुतेक ठिकाणी लॉगिनशिवाय दिसतं. आफ्रिकानाचे किती कोर्स खरोखर लागले ते मोजा. त्यातले किती आफ्रिकानाच्याच प्राध्यापकांनी शिकवले आणि किती इतिहास, इंग्रजी, समाजशास्त्राकडून उसने आणले, तेही पाहा. 'डिपार्टमेंट' आणि 'प्रोग्रॅम' यांतला फरक इथेच दिसतो. डिपार्टमेंट स्वतः प्राध्यापक नेमतं, प्रोग्रॅमला बऱ्याचदा ते इतरांकडून मागावे लागतात. प्रोग्रॅम वाईटच असतो असं नाही, पण एक प्राध्यापक रजेवर गेला की अर्धं वेळापत्रक गळतं.

त्यानंतर पदवी अभ्यासक्रमाच्या डायरेक्टरला चार ओळींची ईमेल करा. विचारायचं एवढंच: संशोधन पद्धतीचा कोर्स सक्तीचा आहे का? कोणती आफ्रिकन भाषा सलग दोन वर्षं लागते? शेवटच्या वर्षी प्रबंध सगळ्यांना करावा लागतो की फक्त ऑनर्सवाल्यांना? मागच्या वर्षीच्या दोन-तीन प्रबंधांचे विषय सांगाल का? उत्तर आठवडाभरात आणि मोकळेपणाने आलं, तर ते डिपार्टमेंट जागं आहे असं समजा. "संकेतस्थळ पाहा" एवढंच आलं, तर यादीत खाली सरकवा.

नावं विचारलीत तर: कॉर्नेल वर आलंच. टेम्पल विद्यापीठाने १९८८ मध्ये या क्षेत्रातली देशातली पहिली पीएचडी सुरू केली. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात मूरलँड-स्पिंगार्न हा मोठा दस्तऐवज संग्रह आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासच्या मराठी घरांना तर रटगर्सचं न्यू ब्रन्सविकमधलं आफ्रिकाना डिपार्टमेंट हाकेच्या अंतरावर आहे. सरकारी विद्यापीठ असेल तर त्या राज्याचं वारंही पाहा. फ्लोरिडाने जानेवारी २०२३ मध्ये शाळांसाठीचा एपी (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा) आफ्रिकन अमेरिकन स्टडीजचा पथदर्शी कोर्स नाकारला होता. तो कोर्स २०२४-२५ पासून देशात औपचारिकपणे सुरू झाला. शाळेत उपलब्ध असेल तर घ्या, फक्त त्याची क्रेडिटं तुमचं विद्यापीठ मान्य करतं का ते आधी विचारा.

पायरी ३: अर्ज, पैसा, व्हिसा

अर्जात लगेच विषयाला बांधून घ्यायची गरज बहुतेक कॉलेजांत नसते. मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर करता येतो. पदवीला साधारण १२० क्रेडिटं लागतात आणि त्यांतली तीस ते छत्तीस, म्हणजे दहा-बारा कोर्स, मेजरची असतात. बाकीची जागा मोकळी राहते. ती कशी भरायची ते सातव्या पायरीत येईल.

निबंधात "मला वंशभेदाविरुद्ध लढायचं आहे" असं मोघम लिहू नका, तसं सगळेच लिहितात. एखादी नेमकी गोष्ट लिहा: तुमच्या गावातला एखादा रस्ता, एखादं थडगं, आजोबांनी वापरलेला एखादा शब्द, ज्याने तुम्हाला प्रश्न पडला.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. पदवीनंतर कामाची मुभा, म्हणजे ओपीटी, बारा महिन्यांची असते. स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या, विषयांना मिळणारी चोवीस महिन्यांची वाढ आफ्रिकानाला नाही. स्टेममध्ये मोडणारा दुसरा मेजर घेतला आणि तो आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, नोंदला गेला, तर त्याच्या आधारे वाढ मागता येते. मायनर, म्हणजे दुय्यम विषय, त्यासाठी चालत नाही. हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी दुसऱ्या वर्षातच बोलून घ्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत एफ-१ वाल्यांना मिळत नाही, त्यामुळे जे कॉलेज स्वतःच्या तिजोरीतून परदेशी विद्यार्थ्यांना मदत करतं तेच शोधावं लागतं.

पायरी ४: पहिल्या वर्षी तोंड आणि कान

पहिल्या वर्षाच्या वर्गात आठवड्याला शंभर-दीडशे पानं वाचून यावी लागतात. ते जमतं. अवघड जातं ते वेगळंच: कधी बोलावं आणि काय म्हणावं.

आधी घरातली भाषा. आपल्या घरांत 'काळे' हा शब्द कोणत्या सुरात येतो ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. 'हबशी' हा मुळात हबशाचा, म्हणजे अबिसिनियाचा, आजच्या इथिओपियाचा, माणूस. इतिहासात त्याला मान होता, पण आपण तो शिवीसारखा वापरून नासवला. जुन्या मराठी लेखनात 'निग्रो' सर्रास दिसतो. तो दस्तऐवजात वाचायचा शब्द आहे, वर्गात उच्चारायचा नाही. हे सगळं सोडून वर्गात जायचं, आणि घरी परत आल्यावर आईबाबांशी वाद घालायचा. वाद होतोच.

मग तुलना. पहिल्याच महिन्यात मराठी मूल हात वर करून म्हणतं, "आमच्याकडे जातीचंही असंच आहे." मीही म्हटलं होतं. प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, "कुठे असंच आहे, आणि कुठे नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर शोधायला मराठी मुलाइतकी चांगली शिदोरी क्वचितच कोणाकडे असते. अमेरिकेत तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी डिसेंबर १८६५ मध्ये संपली. त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबियात शिकत होते, हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत आणि नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा असा त्यांचा विचार होता, म्हणून त्यांनी अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी ३१ जुलैला उत्तर दिलं. ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमधल्या संग्रहात आहेत आणि घरबसल्या स्क्रीनवर वाचता येतात. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपलं नाव कोणावरून घेतलं ते सांगायला नको.

वर्गात "असंच आहे" म्हणण्याऐवजी हे पत्र काढून ठेवा आणि बाबासाहेबांना तो अर्ज नेमका कशासाठी हवा होता ते सांगा. चर्चा वेगळ्याच उंचीवर जाते.

पायरी ५: भाषा पहिल्याच सेमिस्टरला

भाषा पुढे ढकलू नका. तिसऱ्या वर्षी सुरू केलेली भाषा प्रबंधाच्या कामाला येत नाही.

स्वाहिली मराठी कानाला लवकर रुळते. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, पेसा म्हणजे पैसे, हेसाबू म्हणजे हिशेब, चाई आणि चपाती तर सांगायलाच नकोत. अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी शब्द हिंदी महासागरावरून दोन्हीकडे गेले. पण खरी मजा व्याकरणात आहे. अरबीतून आलेल्या 'किताबू'चं अनेकवचन 'विताबू' होतं, कारण स्वाहिलीने सुरुवातीचा 'कि' आपल्या नामवर्गाचा उपसर्ग मानला आणि अनेकवचनात तो 'वि' केला. विशेषणही मागोमाग बदलतं: किताबू किझुरी, चांगलं पुस्तक, विताबू विझुरी, चांगली पुस्तकं. शेजारी बसलेला इंग्रजी बोलणारा मुलगा इथे डोकं धरतो. आपण लहानपणापासून चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पुस्तक म्हणत आलोय, त्यामुळे विशेषणाने नामापाठोपाठ वळायचं हे आपल्या अंगवळणी असतं. फरक इतकाच की आपण शेवट बदलतो आणि ते सुरुवात.

गोव्याशी नातं असेल, किंवा ब्राझील, अंगोला, मोझांबिक यांत रस असेल, तर पोर्तुगीज घ्या. पणजीच्या अभिलेखागारात पोर्तुगीज राजवटीची कागदपत्रं आहेत, आणि मोझांबिकहून गोव्यात आणलेल्या गुलामांचा माग त्या भाषेशिवाय लागत नाही. हैती किंवा पश्चिम आफ्रिका असेल तर फ्रेंच.

पायरी ६: कागद वाचायला शिका

मला विचाराल तर या पदवीचा गाभा हा. एका कागदावर कोण आहे, कोण नाही, आणि नसलेल्याला कसं शोधायचं, हे कोर्समध्ये शिकवत असतील तर डोळे झाकून प्रवेश घ्या.

माझं बालपण नाशिकचं. आजोबांनी एकदा गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, उपाध्यांकडे नेऊन वही उघडायला लावली. आमच्या घराण्याची सात पिढ्यांची नावं, कोण कधी कशासाठी आलं, सगळं तिथे. मला वाटायचं, सगळ्यांचंच कुठेतरी असं लिहिलेलं असतं.

मग दुसऱ्या वर्षाला वर्गात १८६० च्या जनगणनेतली गुलामांची यादी समोर आली. १८५० आणि १८६० ला गुलामांसाठी वेगळे तक्ते भरले गेले. पहिल्या रकान्यात मालकाचं नाव, त्यापुढे वय, लिंग, रंग. रंगाला दोनच खुणा, बी किंवा एम: ब्लॅक किंवा मुलाटो, म्हणजे मिश्रवंशी. फरार किती, आंधळे किती, बहिरे किती, याला रकाने आहेत. माणसाच्या नावाला रकानाच नाही. पानंच्या पानं नुसती वयं: ३०, ८, ५. ज्यांना गुलामीत ठेवलं होतं ते बहुतेक लोक १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा नावानिशी आले. वंशावळी शोधणारे या टप्प्याला १८७० ची भिंत म्हणतात.

ती भिंत कशी ओलांडतात ते एका उदाहरणाने दाखवते. समजा १८६० च्या तक्त्यात एका मालकाखाली तीन ओळी आहेत: ३०, स्त्री, ८, पुरुष, ५, स्त्री. दहा मिळवा. आता १८७० च्या जनगणनेत त्याच काउंटीत चाळीसची बाई, अठराचा मुलगा आणि पंधराची मुलगी असलेलं घर शोधा. सापडलं की नाचू नका. वयं गोळाबेरीज करून लिहिली जात, आणि आडनाव मालकाचंच असेल याचा भरवसा नाही. तिसरा कागद हवा. फ्रीडमन्स ब्युरो, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीचं सरकारी खातं, त्याचे मजुरी करार पाहा, किंवा १८६५ ते १८७४ चाललेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेनोंदी. त्या नोंदींत खातेदाराच्या आईबाप-भावंडांची, कधी जुन्या मालकाचीही नावं असतात. तीन कागद जुळले तर विधान करा. दोनच जुळले तर 'शक्यता आहे' लिहा.

हे सगळं दक्षिणेतच झालं असंही समजू नका. आम्ही जिथे गणपती बसवतो त्या न्यू जर्सीत १८०४ चा क्रमाक्रमाने मुक्तीचा कायदा होता. ४ जुलै १८०४ नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल स्वतंत्र, पण मुलगा पंचवीस वर्षांचा आणि मुलगी एकवीस वर्षांची होईपर्यंत आईच्या मालकाच्या सेवेत! अशा जन्मांची नोंद मालकाला काउंटीच्या क्लार्ककडे करावी लागे. १८६० च्या जनगणनेतही या राज्यात अठरा माणसं गुलाम म्हणून नोंदलेली आहेत. शाळेतल्या मुलाला विषय आवडेल का ते पाहायचं असेल, तर एखाद्या शनिवारी त्याला काउंटीच्या अभिलेखागारात पाठवा. आम्ही पेन्सिल देतो, पेन आणू देत नाही.

पायरी ७: जोडविषय

मोकळ्या क्रेडिटांत दुसरा मेजर बसतो. मे जेमिसन यांनी १९७७ मध्ये स्टॅनफर्डमधून केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि सोबत आफ्रिकन व आफ्रो-अमेरिकन स्टडीजच्या पदवीच्या अटीही पुऱ्या केल्या. १९९२ मध्ये त्या एंडेव्हर यानातून अंतराळात गेल्या. हे उदाहरण मी मराठी बाबांना हमखास सांगते, कारण 'केमिकल' ऐकल्यावर ते पुढचं ऐकतात. सार्वजनिक आरोग्य, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोलातलं नकाशांचं जीआयएस, ग्रंथालयशास्त्राची तयारी, यांतलं काहीही छान जुळतं. इतिहासासोबत दुहेरी मेजर केला तर बरेच कोर्स दोन्हीकडे मोजले जातात, पण किती मोजू देतात ते लेखी घ्या.

परदेशी सेमिस्टर घ्यायचं तर तिसऱ्या वर्षी. घाना, सेनेगल, ब्राझीलचं साल्व्हादोर. जी भाषा शिकलात तिच्या जवळ जा.

पायरी ८: प्रबंध

तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत मार्गदर्शक ठरवा, मे पर्यंत दोन पानी प्रस्ताव, उन्हाळ्यात साहित्य गोळा करायचं, डिसेंबरपर्यंत दोन प्रकरणं. जिवंत माणसांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर विद्यापीठाच्या आयआरबीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, परवानगी आधी लागते. त्याला महिना-दोन महिने सहज जातात, म्हणून तिकिटं आधी काढू नका.

विषय दूर शोधायला हवा असं नाही. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, अनेकदा विकला गेला, आणि शेवटी निजामशाहीचा कारभारी होऊन मुघलांना झुंजवत राहिला. त्याने वसवलेलं खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद, त्याची कबर खुलताबादला आहे. जंजिऱ्याचे सिद्दी १९४८ पर्यंत संस्थानिक होते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत सिद्दींची गावं आजही आहेत. अटलांटिकबद्दल ग्रंथालयं भरलेली आहेत. त्या मानाने हिंदी महासागराच्या बाजूला करण्यासारखं बरंच उरलंय, आणि मराठी किंवा कोंकणी कळणारा विद्यार्थी तिथे चार पावलं पुढे असतो. मात्र सिद्दींच्या वस्तीत जाऊन 'आफ्रिकन नाच' टिपून आणणं म्हणजे प्रबंध नव्हे. तिथल्या जमिनीच्या, शाळेच्या, जातीच्या दाखल्याच्या गोष्टी विचारा.

भारतात राहूनच या वाटेला लागायचं असेल, तर पदवीला इतिहास किंवा राज्यशास्त्र घ्या आणि नंतर मुंबई विद्यापीठाचं कलिन्याचं आफ्रिकन अभ्यास केंद्र किंवा दिल्लीतलं जेएनयू पाहा. तिथला भर खंडावर, राजकारण-अर्थकारणावर असतो.

पायरी ९: काकांचा प्रश्न

पुढे काय? माझ्या वर्गातल्यांपैकी कोणी वकील झालं, कोणी शाळेत शिक्षक, एक जण रुग्णालयांच्या धोरणावर काम करतो, एक संग्रहालयात आहे, दोघींनी पीएचडी केली. अभिनेत्री अँजेला बॅसेट यांनी येलमधून आफ्रिकन अमेरिकन स्टडीजची पदवी घेतली, पण तो मार्ग मी कोणाला सुचवत नाही. पगार इंजिनिअरएवढा सुरू होत नाही. हे लपवू नका, घरी आधीच सांगून टाका.

रिझ्युमेवर मात्र नुसतं 'बी. ए., आफ्रिकाना स्टडीज' लिहून सोडू नका. त्याखाली ओळी घाला: १८५० ते १८७० च्या जनगणना तक्त्यांवरून अमुक इतक्या कुटुंबांचा डेटाबेस तयार केला, स्वाहिली, तीन वर्षं, अमुक मुलाखती आयआरबीच्या परवानगीने घेऊन त्यांचं शब्दांकन केलं, साठ पानी प्रबंध. माझ्या मुलाखतीत वरिष्ठ बाईंनी पदवीचं नाव वाचलंच नाही. त्यांनी जनगणनेच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "जुनं हस्ताक्षर वाचता येतं?"